वाचकांचे प्रश्न : गेटिसबर्गचे रणक्षेत्र आणि दिंडोरीचे शिवार

प्रश्न : अमेरिकेतील यादवी युद्धात जिथे मोठी लढाई झाली, ते गेटिसबर्गचे रणक्षेत्र आजही जतन केलेले आहे असे वाचनात आले. आमच्या दिंडोरी परिसरातही ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची दाऊदखानाच्या मोगली फौजेशी उघड्या मैदानावर लढाई झाली. तिथे मात्र असे काही नाही. एवढे विस्तीर्ण क्षेत्र त्यांनी कोणत्या मार्गाने राखले?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : गेटिसबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्यातील लहानसे गाव. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत उत्तरेचे संघराज्याचे सैन्य आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे सैन्य तिथे भिडले आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक ठार, जखमी, कैद किंवा बेपत्ता झाले. हे क्षेत्र राखण्याची पहिली हालचाल सरकारने केली नाही, ती गावातल्याच एका वकिलाने केली. डेव्हिड मॅककॉनही यांनी लढाईनंतर थोड्याच आठवड्यांत मोक्याच्या टेकड्यांवरील जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली, आणि एप्रिल १८६४ मध्ये, म्हणजे युद्ध अजून चालू असतानाच, रणक्षेत्र जपण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेला राज्याची मान्यता मिळाली.

जमीन हाती आली तरी तिथे नेमके काय घडले हे ठरवणे बाकी होते. जॉन बॅचेल्डर हे निसर्गचित्रकार लढाईनंतर काही दिवसांतच तिथे पोहोचले, जखमी अधिकाऱ्यांशी बोलले आणि पुढे अनेक वर्षे दोन्ही बाजूंच्या सैनिकांकडून हकिकती गोळा करून त्यांनी नकाशे तयार केले. संस्थेने नियम घातला की, प्रत्येक रेजिमेंटचे मुख्य स्मारक ती लढाईच्या रांगेत जिथे उभी होती तिथेच उभारावे. पेनसिल्व्हेनियाच्या ७२ व्या रेजिमेंटला हे मान्य नव्हते. तिसऱ्या दिवशी आपण मागच्या रांगेतून पुढे सरसावून दगडी भिंतीपाशी लढलो, तेव्हा स्मारकही भिंतीजवळच हवे, असे त्या वृद्ध सैनिकांचे म्हणणे होते. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९१ मध्ये निकाल सैनिकांच्या बाजूने लागला. काही यार्डांसाठी न्यायालयात जाणारी ही माणसे मला हट्टी वाटत नाहीत; आपले सोबती कुठे पडले हे त्यांना ठाऊक होते, आणि ते जागेवरच नोंदले जावे एवढीच त्यांची मागणी होती.

या इतिहासातील सर्वांत निर्णायक टप्पा मात्र विजेच्या ट्रामचा आहे. १८९३ मध्ये एका खासगी कंपनीने पर्यटकांसाठी थेट रणक्षेत्रातून रूळ टाकायला घेतले. फेब्रुवारी १८९५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हे क्षेत्र राष्ट्रीय लष्करी उद्यान म्हणून घोषित केले. ते विधेयक मांडणारे डॅनियल सिकल्स याच लढाईत एक पाय गमावलेले सेनानी होते. कंपनीच्या जमिनीचे सक्तीने संपादन करण्याला खालच्या न्यायालयाने नकार दिला, परंतु १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, रणक्षेत्राचे जतन हाही सार्वजनिक उपयोगच आहे आणि त्यासाठी सरकार मोबदला देऊन जमीन घेऊ शकते. रस्ता, कालवा यांच्याइतकीच स्मृतीसाठीही जमीन घेता येते, हे तत्त्व तिथे पक्के झाले.

या जतनात उणिवाही होत्या. सुरुवातीच्या संस्थेचे लक्ष प्रामुख्याने विजयी सैन्याच्या जागांवर होते. दक्षिणी सैन्याच्या रांगा पद्धतशीरपणे चिन्हांकित झाल्या त्या १८९५ नंतरच. त्याहून गंभीर गोष्ट ही की, दोन्ही बाजूंच्या शौर्याच्या आणि सलोख्याच्या गौरवात युद्धाचे मूळ कारण असलेली गुलामगिरी तेथील माहितीत दीर्घकाळ झाकली गेली. उद्यान १९३३ मध्ये युद्ध खात्याकडून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेले, तरी ही त्रुटी भरून काढण्याचे ठोस प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले.

आता दिंडोरीविषयी. तिथे लढलेल्यांपैकी कोणी परत येऊन जागा दाखवल्या नाहीत, आणि १९५८ च्या आपल्या केंद्रीय कायद्यातील संरक्षणाची व्याख्या वास्तू, शिल्पे, शिलालेख आणि अवशेष यांभोवती रचलेली आहे. ज्या मोकळ्या शिवारात असे काही उरलेले नाही, ते तिच्यात सहज बसत नाही. तरीही द्राक्षबागांच्या जमिनी काढून घ्याव्यात असे मी सुचवणार नाही, कारण गेटिसबर्गच्या उद्यानातही बरीच जमीन भाडेपट्ट्याने शेतकरीच कसतात. बखरी आणि मोगली तवारिखा ताडून पाहून लढाईचे संभाव्य क्षेत्र नकाशावर आखणे आणि रस्त्यालगत खात्रीलायक माहितीचा फलक लावणे, एवढे काम तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाचे शिक्षक आजही हाती घेऊ शकतात.

प्रश्न : आमचे चिरंजीव तिकडे राहतात. त्यांच्या सांगण्यानुसार गेटिसबर्गला जतनाच्या नावाखाली झाडे तोडली गेली. हे योग्य आहे का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : माझ्या मते योग्य आहे. १८६३ मध्ये जिथे मोकळी शेते होती तिथे नंतर रान माजले, त्यामुळे कोणत्या तोफेला काय दिसत होते हेच कळेनासे झाले होते. ते रान काढताना पीचच्या बागा पुन्हा लावल्या गेल्या, लाकडी कुंपणे उभारली गेली, आणि लढाई पाहिलेली जी मोजकी झाडे उरली आहेत ती सांभाळली जातात. खासगी जागेवर १९७४ मध्ये उभा राहिलेला ३०७ फुटी निरीक्षण मनोराही सरकारने ताब्यात घेऊन ३ जुलै २००० रोजी पाडला. आपण तिकडे गेलात तर परवानाधारक मार्गदर्शक अवश्य घ्यावा. हे परवाने १९१५ पासून परीक्षा घेऊनच दिले जातात.