पुष्कराज किती रत्तीचा? आधी रत्ती कुठली ते विचारा

तुमचं वजन 72 किलो म्हणून दुकानदार सव्वासात रत्तीचा पुष्कराज काढून दाखवतोय, गुरुजींनी चिठ्ठीवर नुसतं "पाच रत्ती" लिहिलंय, आणि यातलं खरं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. सोबत पत्रिका दिलीत : धनू लग्न, गुरू अष्टमात (आठव्या स्थानात) कर्केचा, गुरूचीच महादशा सुरू.

मी वीसएक वर्षं एका पेढीवर खड्यांच्या काउंटरला होतो, ज्योतिषाचा नाद त्यानंतर लागला. म्हणून आधी काट्याचं बोलतो, मग पत्रिकेचं.

रत्ती म्हणजे आपली गुंज. लाल, डोक्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला 96 गुंजा. तोळा 11.66 ग्रॅम धरला तर एक गुंज साधारण 121 मिलिग्रॅम भरते. ही सोन्याची रत्ती, तिला कच्ची म्हणतात. खड्यांच्या बाजारात चालते ती पक्की रत्ती, सुमारे 182 मिलिग्रॅम. कॅरेट मात्र जगभर एकच, 200 मिलिग्रॅम. आता तुमच्या चिठ्ठीतले पाच रत्ती मोजा. कच्चे धरले तर तीन कॅरेट, पक्के धरले तर साडेचार. दीड कॅरेटचा फरक, तोही पुष्कराजात! गुरुजींना फोन करून एवढंच विचारा की तुमची रत्ती किती मिलिग्रॅमची. बऱ्याचदा पलीकडून उत्तर येतं, "सोनाराला माहीत असतं." आणि सोनार म्हणतो, "गुरुजींनी सांगितलं तसं."

आमच्या पेढीत जुन्या तराजूच्या डबीत मूठभर गुंजा पडून होत्या. एका पावसाळी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी त्या एकेक करून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. एकीचं वजन दुसरीशी जुळेना. काही टपोऱ्या, काही सुकून हलक्या झालेल्या. त्या दिवसापासून दशांशापर्यंत रत्ती सांगणाऱ्या माणसाकडे मी जरा हसूनच बघतो.

सव्वाचंही तसंच. सव्वा रुपया, सव्वा किलो पेढे, तशी सव्वापाच रत्ती. पाऊण टाळायचं कारण ते अपुरं. भावना समजते, घरी मीही नारळावर सव्वा रुपयाच ठेवतो. पण सव्वापाच पक्की रत्ती कॅरेटमध्ये मांडा : 4.78. म्हणजे जवळपास पावणेपाच! एकच खडा एका मापात शुभ आणि दुसऱ्या मापात अपुरा.

दर दहा किलोला एक रत्ती हा हिशेब (काही जण बाराला एक सांगतात) जुन्या ग्रंथांतला आहे असं सर्रास सांगितलं जातं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक, पाचू यांच्या परीक्षा आहेत. हिऱ्याचं वजन तिथे तांदळाने मोजलंय, आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ, आणि वीस तांदूळ भाराच्या हिऱ्याची किंमतही दिलीय. वजनाचा संबंध तिथे किमतीशी आहे. घालणाऱ्याच्या किलोंचा तिथे पत्ता नाही. आणि समजा तुम्ही उद्या बारा किलो कमी केलेत, तर खडा घासायला आणायचा का? हा प्रश्न मी काउंटरवर विचारायचो तेव्हा गिऱ्हाईक हसायचं, शेठजी डोळे वटारायचे.

आता खुद्द खड्याकडे. वजन कुठे लपतं हे कळलं तर तुमचे बरेच पैसे वाचतील. एकदा एक बाई दुसऱ्या दुकानातून घेतलेला सहा रत्तीचा पुष्कराज दाखवायला आल्या. वरून पाहिला तर तोंडवळा जेमतेम चार कॅरेटच्या खड्याचा. चिमट्यात आडवा धरला तेव्हा खाली गाभोळीने भरलेल्या मासोळीसारखं पोट सुटलेलं. कच्च्या दगडाचं वजन वाया जाऊ नये म्हणून पैलू पाडणारा ते तसंच ठेवतो. त्या पोटाने ना पाणी वाढतं ना तेज, पण त्याचे पैसे वरच्या भागाच्याच दराने मोजलेले असतात. त्यात आपल्याकडे खडा अंगाला लागावा म्हणून अंगठीचा तळ उघडा ठेवतात, मग ते पोट रोज बोटाला टोचतं. तेव्हा खडा नेहमी आडवा धरूनही बघा.

प्रत्येक दगडाची घनता वेगळी, हेही वजनाच्या हिशेबात कुणी धरत नाही. पुष्कराज, नीलम, माणिक ही एकाच खनिजाची भावंडं, पाण्याच्या चौपट जड. पोवळं आणि सुनेला (म्हणजे सिट्रिन, पिवळा स्फटिक) पाण्याच्या सुमारे 2.65 पट. म्हणजे पाच कॅरेटचं पोवळं पाच कॅरेटच्या पुष्कराजाच्या दीडपट आकारमानाचं असतं. नऊही खड्यांना एकच रत्तीचा नियम लावणाऱ्याने हे कधी हातात घेऊन पाहिलेलं नसतं. सव्वासात रत्तीचा पुष्कराज म्हणजे साडेसहा कॅरेटच्या वर, लांबीला बारा मिलिमीटरच्या आसपास. तुमची तर्जनी बारीक असेल तर जपमाळेतला मेरुमणी घातल्यासारखं दिसेल. शिवाय खडा मोठा झाला की कॅरेटमागचा दरही चढतो, त्यामुळे दुप्पट वजनाला दुपटीहून बरेच जास्त पैसे जातात.

पत्रिकेचं थोडक्यात सांगतो. धनूला गुरू लग्नेश आणि चतुर्थेश, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या स्थानाचा स्वामी, त्यामुळे पुष्कराज सुचवणं परंपरेला धरूनच आहे. अष्टमातल्या ग्रहाचा खडा द्यावा की नाही यावर ज्योतिषांत दोन तट आहेत. लग्नेशाला अष्टमाचा दोष कमी लागतो असं मानणाऱ्यांत मी मोडतो. पण कर्केत गुरू उच्चीचा, म्हणजे सर्वांत बळकट आहे. खड्याने ग्रहाला बळ मिळतं हे मानलं, तर आधीच बळकट असलेल्या ग्रहाला सर्वांत वजनदार खडा कशासाठी? दुकानदाराचा हिशेब इथे त्याच्याच शास्त्रात बसत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर तीन ते साडेतीन कॅरेटच्या वर गेलो नसतो, आणि उरलेले पैसे स्वच्छतेवर आणि प्रमाणपत्रावर घातले असते. कृत्रिम माणिक बनवायची रीत 1902 मध्ये जाहीर झाली आणि पिवळा दगडही त्याच रीतीने बनतो, त्यामुळे आजोबांच्या पेटीतला पुष्कराजही तपासून घ्यावा. 2001-02 च्या सुमारास बेरिलियम घालून तापवलेले पिवळे खडे बाजारात उघडकीला आले; ते नुसत्या भिंगाने ओळखणं कठीण. प्रमाणपत्रावर खडा नैसर्गिक आहे का, तापवलाय का, इतर काही प्रक्रिया केलीय का, हे तिन्ही वाचा. आणि "टोपाझ" लिहिलं असेल तर तो वेगळाच, खूप स्वस्त दगड. पुष्कराज हे नाव आपल्याकडे दोघांनाही चिकटलंय. बिलावर रत्ती नको, कॅरेट लिहून घ्या, दोन दशांशांपर्यंत.

खड्याने काय होतं हा श्रद्धेचा भाग, त्यात मी पडत नाही. फक्त कर्ज काढून किंवा हप्त्यावर घेऊ नका. बजेट बसत नसेल तर सुनेल्याचा खडा घाला, गुरूचं उपरत्न म्हणून तो चालत आलाय, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचार करा.

तो सव्वासातचा खडा अजून घेतला नसेल तर दुकानात जाऊन त्याचे दोन फोटो काढा, एक वरून, एक आडवा धरून, पट्टी शेजारी ठेवून. प्रमाणपत्राचाही टाका. पोट किती सुटलंय ते बघून सांगतो.