लाल सिग्नलवर रेल्वेगाडी कधी मिनिटभरात निघते, कधी हलतच नाही. ती चालवणाऱ्या लोको पायलटचा गोंधळ होत नाही का?

तुम्ही नागपूरच्या आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी, अडकून हे विचारलंय. मी तिथल्याच अजनीचा, लहानपणापासून रुळांशेजारी राहतो. लाल दिव्याइतकंच खांबाकडेही बघायचं असतं. पांढऱ्या गोल पाटीवर काळं 'ए' असेल, तर तो ऑटोमॅटिक, म्हणजे गाड्यांच्या येण्याजाण्याने आपोआप बदलणारा सिग्नल: दिवसा 1 मिनिट, रात्री 2 मिनिटं थांबून, शिट्टी देऊन, अगदी सावकाश पुढे जाता येतं. पाटी नसेल, तर परवानगीशिवाय चाक हलवायचं नाही. सेमी-ऑटोमॅटिकवर, म्हणजे कधी आपोआप तर कधी स्टेशनवरून चालणाऱ्या सिग्नलवर, तर 'ए' पेटलेलं की विझलेलं, हेही बघायचं: पेटलेलं असेल तर ऑटोमॅटिकचा नियम, विझलेलं असेल तर परवानगी हवीच! म्हणूनच सहायक लोको पायलट शेजारी बसून प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारतो. ती सवय मला फार मोलाची वाटते.