जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या अँप्लिफायरमध्ये बदल करण्यापूर्वी

जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचा असो की त्याला मोबाइल जोडून गाणी ऐकायची असोत, तुमच्या रेडिओत स्पीकरला शक्ती देणारा व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) ईएल ८४ आहे की यूएल ८४, हे आधी पाहा. यूएल ८४ सहसा एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) संचात सापडतो; त्यात संचाला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते आणि प्लग उलटा बसला तर तीच चासी २३० व्होल्टवर जाते. अशा संचाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (म्हणजे संच विजेच्या तारांपासून वेगळा करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) मोबाइल जोडण्याचा विचार मनातही आणू नये.

ईएल ८४ असेल, तर आवाज वाढवण्याच्या मागे लागण्याआधी त्याच्या ग्रिडकडे (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे) येणारा कपलिंग कपॅसिटर, म्हणजे सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा कपॅसिटर, बदला. जुना कागदी कपॅसिटर गळू लागला की आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा (सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकावरचा) डीसी दाब ग्रिडवर उतरतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो आणि शेवटी स्पीकरला जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आज सहजासहजी मिळत नाही. संच तापल्यावर ईएल ८४ च्या २ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावा. तिथे जवळपास शून्य व्होल्ट दिसायला हवेत. त्याच मूल्याचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर पुरेसा आहे. महागड्या 'ऑडिओ' कपॅसिटरवर पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

फिल्टर कपॅसिटर (डीसीतला गुणगुणाट काढणारा) मात्र वाटेल तेवढा मोठा घालू नका, कारण ईझेड ८० रेक्टिफायरला (एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) त्याच्या लगेच पुढच्या, पहिल्या जागी ५० मायक्रोफॅरडपेक्षा अधिक सोसत नाही. प्रत्येक वेळी प्लग काढून, हे कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून आणि मीटरने खात्री करूनच आत हात घाला.

मोबाइलचे डावे-उजवे सिग्नल १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून एकत्र करून व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला (जिथे रेडिओचा सिग्नल येतो) द्यावेत.