एक लाख ल्युमेनचा दावा आणि ग्राहकाचा हक्क

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातील शेतकरी आहे. आमच्याकडे शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्री असते आणि उसाच्या फडात बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे मागच्या नोव्हेंबरमध्ये मी ऑनलाइन बाजारपेठेवरून १,८९९ रुपयांना चार्जिंगची टॉर्च मागवली. जाहिरातीत '१,००,००० ल्युमेन, २ किलोमीटरपर्यंत झोत, ९९०० एमएएचचा सेल, एका चार्जमध्ये १२ तास, वॉटरप्रूफ' असे लिहिले होते. प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे पावलांपलीकडे नीट दिसत नाही, दीड तासात उजेड मंदावतो आणि एका अवकाळी सरीत टॉर्च बंद पडली, ती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. विक्रेता म्हणतो की परतीची सात दिवसांची मुदत संपली आणि 'जाहिरातीत थोडे वाढवून सांगतातच'. संकेतस्थळ म्हणते की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. मी तेथे 'हे चोर आहेत' असा अभिप्राय लिहिला, तर विक्रेत्याने मानहानीच्या नोटिशीची धमकी दिली. ओळखीचे एकजण सांगतात की शेतीसाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक ठरते, म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या ओळखीच्या गृहस्थांनी घातलेली भीती आधी दूर करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला 'ग्राहक' मानलेले नाही हे खरे आहे. परंतु स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह चालवण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारी व्यक्ती या अपवादात येत नाही, असा स्पष्ट खुलासा त्याच व्याख्येखाली दिलेला आहे. शेतकरी हा ग्राहक आहे की नाही, हा वाद बियाण्यांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने कौल दिला. रात्री बांधावरून चालताना पायाखालचे दिसावे म्हणून घेतलेल्या टॉर्चबाबत याहून वेगळा विचार होण्याचे कारण मला दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'जाहिरातीत थोडे वाढवून सांगतातच' या विक्रेत्याच्या वाक्यात थोडे तथ्य आहे, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपली बाजू भक्कम होते. 'जगात भारी', 'अंधाराचा राजा', 'लष्करी दर्जाची ताकद' अशी विशेषणे म्हणजे व्यापाऱ्याची फुशारकी असते. ती खरी की खोटी हे मोजता येत नाही, म्हणून न्यायालये तिच्याकडे सहसा दुर्लक्ष करतात. ल्युमेन (एकूण उजेडाचे माप), किलोमीटर, एमएएच (सेलमध्ये साठणाऱ्या विजेचे माप) आणि तास ही मात्र विशेषणे नव्हेत, मोजमापे आहेत. विक्रेत्याने मोजमाप छापले की तो वस्तूविषयी एक तथ्य सांगत असतो आणि ते तथ्य खोटे निघाले तर तो कलम २(२८) खालील दिशाभूल करणारी जाहिरात व कलम २(४७) खालील अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींच्या कक्षेत येतो.

आपण पाठवलेली जाहिरातीची प्रत आणि सेलचे छायाचित्र मी काळजीपूर्वक पाहिले. सेलच्या निळ्या वेष्टनावर '१८६५०', '३.७ व्होल्ट' आणि '९९०० एमएएच' एवढेच छापलेले आहे. उत्पादकाचे नाव नाही आणि भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह व क्रमांकही नाही. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल. या मापाच्या नामांकित कंपन्यांच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते. एवढ्याशा नळकांड्यात त्याच्या जवळजवळ तिप्पट क्षमता बसवल्याचा दावा कोणी करत असेल, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने घ्यावी. अशा सेलची हातात घेऊन करता येणारी एक परीक्षा आहे. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. गावातल्या सोनाराच्या काट्यावर आपला सेल ठेवून वजनाचे छायाचित्र काढून घ्यावे. वजन बरेच कमी भरले तर तो अंतिम पुरावा ठरणार नाही, पण पूरक पुरावा म्हणून निश्चित उपयोगी पडेल.

आपल्या प्रकरणातील सर्वांत बळकट पुरावा मात्र खुद्द विक्रेत्याच्या आकड्यांतच आहे, कारण ते आकडे एकमेकांना खोटे ठरवतात. वादापुरता त्याचा ९९०० एमएएचचा दावा खरा धरू. ३.७ व्होल्टने गुणल्यावर सेलमधली एकूण ऊर्जा सुमारे ३६.६ वॉट-तास येते. एलईडीमधून दर वॉटमागे २०० ल्युमेन मिळतात असेही धरू. हातातल्या टॉर्चसाठी हा अतिशय उदार आकडा आहे, प्रत्यक्षात शंभर ते दीडशे मिळाले तरी पुष्कळ. या हिशेबाने १,००,००० ल्युमेनसाठी ५०० वॉट लागतील, आणि ३६.६ वॉट-तासांचा सेल ५०० वॉटचा भार साडेचार मिनिटेसुद्धा पेलणार नाही. घरातली साधी इस्त्री ७५० ते १००० वॉटची असते. तिला लागणाऱ्या विजेच्या निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज एका बोटाएवढ्या सेलमधून काढली जाते असे विक्रेता आपल्याला सांगत आहे. साध्या ९ वॉटच्या एलईडी बल्बचा उजेड साधारण ९०० ल्युमेन असतो, म्हणजे असे एकशे दहा बल्ब एका मुठीत पेटल्याचा हा दावा झाला. हे गणित समजायला प्रयोगशाळा लागत नाही. तक्रारीत ते जसेच्या तसे मांडावे.

दोन किलोमीटरचा दावाही असाच तपासता येतो. टॉर्चच्या मोजणीसाठी उद्योगात एफएल १ नावाचे अमेरिकी मानक प्रचलित आहे. जिथे पोहोचल्यावर उजेड ०.२५ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचे एकक), म्हणजे ढोबळमानाने निरभ्र आकाशातील पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, ते अंतर त्या मानकानुसार झोताचा पल्ला मानले जाते. त्याचे सूत्र सोपे आहे : झोताची तीव्रता कँडेला या तिच्या एककात घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि दुप्पट करायचे. उलट हिशेब केला तर २ किलोमीटरच्या पल्ल्यासाठी १० लाख कँडेला लागतात. असे झोत टाकणाऱ्या टॉर्च अस्तित्वात आहेत, पण त्यांच्यासाठी मोठा परावर्तक किंवा विशेष प्रकारचा प्रकाशस्रोत लागतो. आपल्या छायाचित्रातल्या दोन बोटे रुंद भिंगाकडून ती अपेक्षा करता येत नाही. शिवाय चांदण्याएवढ्या उजेडात दूरवर काहीतरी आहे इतकेच कळते, तो बिबट्या आहे की वासरू हे कळत नाही. म्हणून प्रामाणिकपणे मोजलेला पल्लासुद्धा प्रत्यक्ष वापरासाठी बराच कमी धरावा लागतो.

'१२ तास' या दाव्यावर मात्र फार भर देऊ नये, असा माझा सल्ला आहे. त्याच मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ चालू राहण्याच्या वेळेत धरला जातो, आणि विक्रेता 'बारा तास सर्वांत मंद उजेडावर मिळतात' असा बचाव करू शकतो. आपण त्यावर म्हणू शकतो की जाहिरातीत १,००,००० ल्युमेन आणि १२ तास हे दोन्ही आकडे एकाच ओळीत दिले होते आणि कोणता आकडा कोणत्या उजेडासाठी हे सांगितलेच नव्हते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मुख्य दाव्याला छेद देणारी किंवा फसवा दावा दुरुस्त करू पाहणारी तळटीप चालत नाही. तरीही तक्रारीचा पाया ल्युमेन, पल्ला आणि सेलची क्षमता या तीन दाव्यांवरच ठेवावा. पावसात बंद पडणे हा त्यानंतरचा, वस्तूतील दोषाचा मुद्दा म्हणून घ्यावा.

आपल्या सर्वाधिक उपयोगाची कायदेशीर तरतूद पुराव्याच्या भाराविषयी आहे. वस्तूच्या कामगिरीविषयी किंवा टिकाऊपणाविषयी पुरेशा चाचणीविना हमी देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि योग्य चाचणी केली होती असा बचाव कोणी घेतला तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. म्हणून तक्रारीपूर्वी विक्रेत्याला नोटीस पाठवावी आणि तीत थेट विचारावे की १,००,००० ल्युमेन कोणत्या प्रयोगशाळेने, कोणत्या तारखेला मोजले आणि सेलचा आयएस १६०४६ या भारतीय मानकाखालील नोंदणी क्रमांक काय आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा लिथियम सेलना ही नोंदणी सक्तीची आहे. उत्तरात क्रमांक आलाच तर तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळून पाहावा.

सात दिवसांची मुदत हा विक्रेत्याचा स्वतःचा नियम आहे. तो कायद्याच्या वर नाही. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतील वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची आहे, त्यामुळे आपण पूर्णपणे मुदतीत आहात. संकेतस्थळालाही केवळ 'मध्यस्थ' म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. शिवाय खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा मुख्य पत्ता कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ही लेखी मागणी आपण नोटिशीच्या आधी करावी, कारण पत्त्याविना नोटीस बजावता येणार नाही.

पुरावा जपणे हे त्याहूनही तातडीचे काम आहे. जाहिरातीचे पान विक्रेता केव्हाही बदलू शकतो. म्हणून मोबाइलवर ते पान वरपासून खालपर्यंत सरकवत, पत्ता आणि तारीख दिसेल अशा रीतीने चित्रीकरण करून ठेवावे; तक्रारीसोबत ते जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र द्यावे. बिल, खोके, वेष्टनावरचे आयातदाराचे नाव आणि संदेशांची देवाणघेवाण सांभाळावी. सेल बाहेर काढण्यापलीकडे टॉर्च आतून उघडू नये आणि दुरुस्तीलाही देऊ नये, कारण मग दोष दुरुस्तीवाल्याने केला असे म्हणायला जागा मिळते. एक बारीक गोष्टही लक्षात ठेवावी : गावाकडे आपण टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतो, आपल्या पत्रातही तसे चार ठिकाणी आले आहे. तक्रारीत संपूर्ण उपकरणाला 'टॉर्च' आणि आतल्या भागाला 'सेल' असेच लिहावे. अन्यथा क्षमतेचा मुद्दा नेमका कशाविषयी आहे यावरूनच गोंधळ होईल.

नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लहान रकमेची प्रकरणे पुष्कळदा तेथेच मिटतात. न मिटल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतचा, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवरून दाखल करता येते आणि दूरदृश्य सुनावणीसाठी अर्जही करता येतो. विक्रेता, संकेतस्थळ आणि आयातदार या तिघांनाही विरुद्ध पक्ष करावे. आयोगाला गरज वाटली तर कलम ३८ प्रमाणे नमुना प्रयोगशाळेत पाठवला जातो, मात्र त्याचा खर्च आधी तक्रारदाराकडून भरून घेतला जाऊ शकतो आणि तो टॉर्चच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. यासाठीच मी वरच्या गणितावर आणि पुराव्याच्या भारावर इतका भर दिला आहे.

मागणी किती करावी, याविषयी मोकळेपणाने सांगतो. १,८९९ रुपये व्याजासह, तक्रारीचा खर्च आणि त्रासाबद्दल काही हजारांची माफक भरपाई मागावी. मानसिक त्रासापोटी लाखाची मागणी लिहिल्याने प्रकरण मोठे होत नाही, उलट खरी बाजू मांडणाऱ्या माणसाविषयी शंका निर्माण होते. जाहिरात बंद करण्याचा आदेश मात्र जरूर मागावा. शिवाय जिल्हाधिकारी किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज करता येतो. प्राधिकरण उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. त्या अर्जातून आपल्याला पैसे मिळणार नाहीत, पण तीच टॉर्च घेऊन रात्री फडात शिरणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे तो अर्ज आपण करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मानहानीच्या धमकीने घाबरू नये, मात्र 'चोर' हा शब्द आजच काढावा. त्याजागी खरेदीची तारीख, जाहिरातीतले आकडे आणि आपल्याला आलेला अनुभव एवढेच लिहावे. लोकहितासाठी केलेले खरे विधान हा मानहानीच्या कायद्यातील मान्य अपवाद आहे. शिवी मात्र त्या अपवादात बसत नाही. अभिप्राय काढण्याच्या अटीवर पैसे परत देऊ केले, तर ती अट लेखी घ्यावी आणि सही करण्यापूर्वी मला दाखवावी.

तोपर्यंत फडात जाताना दुसरी, खात्रीची टॉर्च जवळ असू द्या आणि या अनोळखी सेलला रात्रभर चार्जिंगला लावून घरातले सगळे झोपी जाणार नाहीत, याची काळजी घ्या.