टू-स्ट्रोक जाम झाली, बोअर मारून भागेल का?

बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा करून आणि मोठा पिस्टन घालून, गाडी सुरू होईल हो, पण जाम कशामुळे झाली ते सापडलं नाही तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल. त्यामुळे ब्लॉक (सिलिंडर) लेथवाल्याकडे जायच्या आधी जुना पिस्टन नीट बघा.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे गाडी डर्टसाठी बनवलेली यामाहा आरएक्स १००. लांब चढ फुल थ्रॉटलवर चढलात, वर येऊन थ्रॉटल सोडला आणि मागचं चाक लॉक झालं. थंड झाल्यावर किक बसली, पण आता दम नाही, वर खडखड. मेकॅनिक म्हणतो ०.५० मिमी बोअर मारू.

हेड उघडायचीही घाई नको. सायलेन्सरचा बेंड काढा, एक्झॉस्ट पोर्टमध्ये बॅटरी मारा आणि किक हाताने हळूहळू दाबत राहा. पिस्टनची पुढची बाजू आणि रिंगा सरकताना दिसतील. उभे चरे, त्यावर फासल्यासारखं चकचकीत अॅल्युमिनियम, आणि लाकडी काडीने दाबली तरी न हलणारी रिंग दिसली, तर पिस्टन पकडलाय.

मग ब्लॉक उतरवा. चरे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा ऑईल कमी. चार कोपऱ्यांत असतील तर इंजिन गरम व्हायच्या आधीच पिळलंय, नाहीतर बोअर टाइट आहे. इनटेककडचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) करडा आणि बारीक रेघांचा झाला असेल तर फिल्टरमधून धूळ जातेय. क्राउनची (पिस्टनच्या माथ्याची) कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली असेल तर डिटोनेशन, म्हणजे मिक्स्चर नीट न जळता फटकन स्फोट होणं.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलाच प्रकार वाटतो, आणि त्यात माझा पहिला संशय क्रँकच्या मॅग्नेट (वीज बनवणारं चाक) साइडच्या ऑईल सीलवर. सील गेलं की क्रँककेस (पिस्टनखालची बंद पेटी) बाहेरची हवा ओढतो आणि मिक्स्चर लीन होतं. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नव्हता का, आठवून बघा. मॅग्नेट काढल्यावर मागे ओलसर तेलकट काळा थर दिसला तर सील बदलाच. क्लच साइडचं सील गेलं असतं तर गिअर ऑईल जळून धूर निघाला असता. कार्बोरेटर आणि ब्लॉकमधलं रबर आणि ब्लॉकचं पॅकिंगही तपासा.

ऑईल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळता का? लिटरला ४० मिली म्हणजे २५ ला १. पण भीतीपोटी त्याहून जास्त ओतू नका. तेवढं पेट्रोल कमी जातं आणि कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिक्स्चर आणखी लीन होतं. हे कुणाला पटत नाही, पण आहे तसंच.

आता बोअर. आरएक्सचा स्लीव्ह बिडाचा, म्हणून लेथवर काम होतं. निकासिलचा (आतून कडक निकेलचा थर दिलेला) ब्लॉक असता तर परत प्लेटिंगच करावं लागलं असतं. नुसतं अॅल्युमिनियम चिकटलं असेल तर ते काढून होनिंगवर (आतून दगडाने हलकं घासण्यावर) भागतं कधीकधी. चऱ्यात नख अडकलं तर मात्र बोअर. मूळ बोअर ५० मिमी, पुढचे पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्याने मिळतात. बोअर वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्या. ०.२५ मध्ये साफ होत असेल तर थेट ०.५० कशाला? पिस्टन आधी विकत आणा आणि तो मोजूनच बोअर मारायला सांगा. बसवताना क्राउनवरचा बाण एक्झॉस्टकडे.