गुरुवारची सुट्टी पण मंडळीलाच?

पत्र: ताई, जय ख्रिस्त. मी भोसरी एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आणि पस्तीसेक घरांच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक. पगार फक्त कंपनीचा. कंपनीची सुट्टी गुरुवारी, उपासना रविवारी, म्हणून शनिवारची नाइट करून तसाच प्रवचनाला पुलपिटवर उभा राहतो. गुरुवार जातो हॉस्पिटल आणि घरभेटीत. शॉप फ्लोअरवर फोन घेतला म्हणून लेखी वॉर्निंग मिळालीय. मंडळीचे वडीलजन (कारभारी) म्हणतात नोकरी सोडा, प्रभू पुरवील. बायको मुलांना घेऊन महिनाभर माहेरी आहे. नोकरी सोडू का?

उत्तर:

पास्टर भाऊ, जय ख्रिस्त. पत्र तीनदा वाचलं. बायको माहेरी गेली हे तुम्ही सगळ्यात शेवटी, एका ओळीत उरकलंय, आणि मला तर तीच पहिली ओळ वाटली.

मी पाळकाच्याच घरची लेक. आमचे पप्पा फुलटाइम होते, तरी ताट वाढलं की दारात कोणीतरी यायचं आणि मम्मी ताटावर ताट झाकून ठेवायची. तेव्हा नोकरी सोडली की घराला वेळ मिळेल, हा हिशोब डोक्यातून काढा, मोकळा झालेला वेळही मंडळीच नेईल.

बायबलमधल्या निर्गम १८ वर तुम्ही दहा वेळा बोलला असाल. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो, सासरा इथ्रो म्हणतो हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. पण इथ्रो मुळात आला कशाला होता? मोशेच्या बायकोला, सिप्पोराला, आणि दोन्ही मुलांना परत पोचवायला! मोशेने तिला माहेरी पाठवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत, आपण प्रवचनात फक्त न्यायनिवाड्याची सांगतो. तुमचा सासरा पण एखाद दिवशी बॅगा घेऊन दारात येईल, त्याआधी तुम्हीच जा. या गुरुवारी जा, आणि जाऊन प्रार्थना घेत बसू नका, नुसतं तिचं ऐका.

आता नोकरी. नका सोडू. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून राहुट्या करायचा, त्याचे सोबती सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर मग वचनाच्या कामाला पूर्ण लागला, आणि फिलिप्पैच्या मंडळीने त्याला वेळोवेळी मदत पाठवली. (त्याला शाळेची फी नव्हती हेही खरं.) तेव्हा वडीलजनांना प्रेमाने विचारा, प्रभू पुरवील ते कोणाच्या हाताने? महिन्याचा आकडा, मेडिक्लेम, पीएफची भरपाई कागदावर लिहून वर्षभर आधी बँकेत जमा करून दाखवा म्हणावं, मग बोलू. दुसऱ्याच्या पगारावर विश्वासाची उडी मारायला सांगणं सोपं असतं हो.

पण नोकरी ठेवली की सगळं जमलं असंही नाही. मिशनरी विल्यम केरी बंगालात मुदनाबाटीला निळीच्या कारखान्याचे मॅनेजर होते, पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचे, आपल्या मराठीचं व्याकरण पण त्यांनी १८०५ मध्ये छापलं. मात्र त्याच मुदनाबाटीत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि बायको डोरोथी मनाने खचली ती पुन्हा सावरली नाही. चरित्र सांगताना आपण हे पान पटकन उलटतो.

मला वाटतं खरी अडचण कंपनी नाही. मंडळीत प्रत्येक गोष्टीला तुम्हीच लागता, आणि राग मानू नका, ते तुम्हाला थोडं आवडतं पण. शुभ शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात वाक्यांवर तुमच्याकडे सात जण बोलतात ना? मग बाकीचे रविवार एकट्याच्या गळ्यात का? त्यातल्या तिघांना महिन्यातला एकेक रविवार द्या. अडखळतील, एखादा पाऊण तास लांबवेल, चालेल. हॉस्पिटल भेटी महिला मंडळाला द्या, त्या तशाही तुमच्या आधी डबा घेऊन पोचलेल्या असतात. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये आणि मंडळीला एखाद्या वडीलजनाचा नंबर. वॉर्निंग मिळालीय म्हणजे कंपनीचं पण काही चुकलेलं नाही, पगार त्या आठ तासांचाच घेता. आणि शनिवारी नाइट असेल त्या रविवारी पुलपिट नाही म्हणजे नाही.

त्या रविवारी मागच्या बाकावर बसा. तुमच्याकडे बायका-पुरुष वेगळे बसत असतील तर पाळक या नात्याने ती पद्धत तेवढ्यापुरती मोडा आणि बायकोच्या शेजारी बसा, डुलकी लागली तर कोपर मारायला कोणीतरी हवं.