पैदाशीच्या मधमाशी वसाहतींतली जनुकीय विविधता कशी मोजावी?

प्रत्येक वसाहतीतून एकच कामकरी माशी ९५% इथेनॉलमध्ये घ्या आणि मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) तपासणीतून अ‍ॅलील-संख्या (एकाच जागेच्या जनुकीय रूपांची संख्या) व हेटरोझायगॉसिटी (त्या जागी दोन वेगळी रूपं असण्याचं प्रमाण) काढा. एकाच पेटीतल्या दहा माश्या म्हणजे बहिणीच, आकडा फसवा येतो. बहिणी-राण्यांच्या पेट्यांचंही तेच. प्रयोगशाळा नसेल तर बंद पिलाव्यावर (मेणाने झाकलेल्या, वाढत्या पिल्लांच्या घरांवर) १०×१० घरांचा तिरका चौकोन आखून रिकामी घरं मोजा. लिंग ठरवणाऱ्या सीएसडी जनुकाची दोन्ही अ‍ॅलील सारखी असली की अळी द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) नर होते, आणि कामकरी माश्या ती अंड्यातून निघताच खाऊन टाकतात. राणीशी जुळणारं अ‍ॅलील असलेल्या नराची निम्मी संतती अशी जाते, म्हणून जास्त रिकामी घरं ही कमी विविधतेची खूण. मात्र राणी अनेक नरांशी मीलन करते, त्यामुळे ही तूट सगळ्या नरांच्या संततीत विभागून कमी दिसते. शिवाय पिलाव्याच्या रोगानेही घरं रिकामी दिसतात, म्हणून आधी रोग नाही ना ते पाहा.